शौचास काळे होते? 'जिस्ट' या गाठीचीही शक्यता असते

रमजानमध्ये पोटात जळजळ, थकवा, चक्कर असे काही झाले की आपण ते रोजावर ढकलतो. मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणली की विषय संपला. बहुतेक वेळा कारण साधेच असते. पण शौचास डांबरासारखे काळे होत असेल किंवा हिमोग्लोबिन विनाकारण कमी होत असेल, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

अशा रक्तस्रावाचे एक दुर्मीळ कारण म्हणजे 'जिस्ट', अर्थात गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. ही गाठ अस्तरात नव्हे, तर पोटा-आतड्यांच्या भिंतीत वाढते. सुमारे ६० टक्के गाठी जठरात, तर ३० टक्के लहान आतड्यात होतात. रुग्ण बहुधा पन्नाशीच्या पुढचे असतात. थोडे खाऊनही पोट भरणे, दुखणे, हाताला गोळा लागणे ही इतर लक्षणे. लहान गाठ मात्र काहीच त्रास देत नाही. निदानासाठी एन्डोस्कोपी, सीटी स्कॅन आणि बायोप्सी करतात. गाठ भिंतीत खोल असल्याने वरवरचा तुकडा तपासून ती कधी कधी सापडत नाही.

गाठ पसरलेली नसेल तर मुख्य उपचार ऑपरेशन. गाठ न फोडता, भोवतीच्या थोड्या निरोगी भागासह अखंड काढावी लागते. ती फुटली तर पेशी पोटात पसरून आजार परतण्याचा धोका वाढतो. जठरातली गाठ असेल तर बहुधा जठराचा थोडा भागच काढावा लागतो. काही गाठी दुर्बिणीनेही निघतात. गाठ फार मोठी असेल तर आधी इमॅटिनिब गोळीने ती लहान करतात. धोका जास्त असल्यास ऑपरेशननंतरही ही गोळी साधारण ३ वर्षे देतात. बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करू नका. सीटी स्कॅनची तारीखही चुकवू नका.

ही गोळी जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याने घ्यायची असते. त्यामुळे रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोला. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. बरे होण्याची आशा नसेल तर फिदियाबाबत आलिमांना विचारा.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आणि घरातल्या अम्मी-खालांना जरूर विचारा. शौचाचा त्रास सांगायला त्या लाजतात, आणि त्यातच वेळ निघून जातो.