टिपूंच्या वंशातील नूर

१९४९ साली ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांनी नूर इनायत खान या मुस्लिम तरुणीला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर केला. शत्रूशी समोरासमोरच्या लढाईबाहेर दाखवलेल्या शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान. वडील हजरत इनायत खान मूळचे बडोद्याचे सूफी गायक. त्यांच्या आजोळचे नाते टिपू सुलतानांच्या खानदानाशी.

जून १९४३ मध्ये नूर जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये बिनतारी संदेश पाठवण्याच्या कामावर गुपचूप उतरली. काही दिवसांतच सोबती पकडले गेले. परत येण्याची मुभा होती, तिने नाकारली. पुढे अटक झाली. तुरुंगात साखळदंड पडले, तरी तिने साथीदारांचा ठावठिकाणा सांगितला नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. वय अवघे तीस.

ज्या इंग्रजांशी लढताना टिपू शहीद झाले, त्यांच्याच राजाचे हे पदक, हे आपल्यातील काहींना खुपते. पण नूर लढली ती नाझींच्या जुलमाविरुद्ध. पदक पाच वर्षांनी आले. अमानत तिने आधीच सांभाळली होती. मुलांना आपण टिपूंची गोष्ट सांगतो, तशी नूरचीही सांगू या.