घास, वाटा आणि हिशेब

दुपारी चारच्या सुमारास नातू शाळेतून चंदनसारच्या आमच्या घरी येतो आणि दप्तर ठेवताच विचारतो, "आजोबा, स्नॅक्सला काय आहे?" बँकेत आयुष्य काढलेल्या मला आकड्यांचे मूळ शोधण्याची सवय, निवृत्तीनंतर ती शब्दांकडे वळली. एके दिवशी मी शब्दकोश उघडला.

‘स्नॅक’ हा शब्द डच वळणाचा. कुत्र्याने झटकन घेतलेला चावा, हा त्याचा इंग्रजीतील जुना अर्थ. सतराव्या शतकात त्याला ‘वाटा’ हा अर्थ आला. नफा वाटून घेण्यालाही हाच शब्द लावीत. किंचित खाणे हा अर्थ अठराव्या शतकातला. ‘टिडबिट’मधील ‘बिट’ही चावण्यावरूनच आलेला. ‘मॉर्सल’ म्हणजे घास. त्याचे मूळ चावणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. पश्चात्तापवाचक ‘रिमोर्स’ हा शब्दही त्याच धातूचा. घास आधी दात चावतात, मग मन चावते!

आपल्याकडची गंमत वेगळी. ‘फराळ’ हा मूळचा फलाहार. दिवाळीच्या ताटात मात्र फळ शोधून सापडत नाही. फारसीतून आलेल्या ‘नाश्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ तर उपाशीपोटी असणे असा आहे.

हा चावा मलाही बसला. रक्तातील साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी दिवसभराचा आहार विचारला. "दोन वेळचे जेवण," मी ठामपणे सांगितले. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "आणि वर्तमानपत्राबरोबरची शेव? येता-जाता गाठिया?" मी निरुत्तर झालो. बँकेत किरकोळ खर्चाच्या एकेका रुपयाचे व्हाउचर मागणारा मी, स्वतःच्या किरकोळ खाण्याची नोंदच ठेवीत नव्हतो.

आपल्या पूर्वजांनी ती ठेवली होती. ऊनोदरी तपात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळांचा मानून त्याहून कमी खाण्यास सांगितले आहे. बियासण्यात बैठका मोजल्या जातात. दुकानाच्या गादीवर बसून दिवसभर तोंड चालू ठेवणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य मांडून पाहावा.

आता चार वाजता आम्ही दोघे पाट मांडून बसतो. वाटीभर कुरमुऱ्यांचे दोन भाग होतात. मोठा त्याचा, लहान माझा. डबा बंद होतो. ‘स्नॅक’चा तो जुना अर्थ, वाटा, आमच्या घरी असा परत आला आहे.