फॉरमॅट मारण्याआधी सेटअप उघडा



आमच्या बचत गटाच्या कर्जाचा आणि परतफेडीचा हिशेब एका लॅपटॉपवर आहे. एके दिवशी तो सुरू केला, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत संदेश आला: बूट डिव्हाइस सापडत नाही. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे सगळा हिशेब पुसला जाणार! वहीत नोंदी होत्या त्या दोन महिन्यांपूर्वीपर्यंतच्या. म्हणून आम्ही थांबलो आणि आधी सेटअप बघायचं ठरवलं.

बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्याचं नाव बायोस, नव्याचं यूईएफआय. विंडोज कुठून सुरू करायचं, हे तो ठरवतो. त्याची सेटिंग म्हणजेच सेटअप. आपल्या फाइली मात्र डिस्कवर असतात, त्यामुळे सेटअप नुसता उघडून पाहिल्याने त्यांना धक्का लागत नाही.

आम्ही एफ-२ दाबत राहिलो, तरी सेटअप उघडेना. मग पेन ड्राइव्ह, माऊस, चार्जर सगळं काढलं. लॅपटॉप बंद असताना पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. आत अडकलेला विजेचा अंश याने निघून जातो. नंतर चार्जर लावला, बटण दाबलं आणि लगेच एफ-२ टकटक दाबत राहिलो. या वेळी सेटअप उघडला! डेल, एसर, आसुस यांच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ-२ चालतं, एचपीवर एफ-१०, लेनोवोवर एफ-१ किंवा एफ-२. नुसत्या बटणाने काम झालं नाही, तर सोबत एफएन दाबून बघा.

विंडोज सुरू होत असेल, तर आणखी सोपं. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असं पुढे जा.

आत दोन गोष्टी दिसल्या. डिस्कचं नाव यादीत होतं, म्हणजे डिस्क जिवंत होती. पण तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती आणि बूटच्या क्रमात डिस्क खाली ढकलली गेली होती. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की घड्याळ चुकतं आणि अनेक लॅपटॉपमध्ये सेटिंगही मूळपदावर जातात. आम्ही विंडोज बूट मॅनेजर पहिल्या जागी आणला, तारीख नीट केली, एफ-१० दाबून जतन केलं. विंडोज सुरू झालं. सेल नंतर बदलून घेतला.

काही गोष्टी मात्र जपा. अर्थ माहीत नसलेली सेटिंग बदलू नका. बदलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बिटलॉकर चालू असेल, तर सेटिंग बदलल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आजच कागदावर उतरवून ठेवा. यादीत डिस्कच दिसत नसेल, तर डिस्क किंवा तिची जोडणी बिघडलेली असू शकते. तेव्हा जाणकाराकडेच न्या.

आणि दुरुस्तीवाल्याला आधी एवढंच विचारा: "दादा, सेटअपमध्ये डिस्क दिसते का?" उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नका. आम्ही आता दर शनिवारी हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतो. तुम्हीही घ्या.