दहा नंबरचे ब्लेड

शित्झू, ल्हासा अॅप्सो, माल्टीज, पूडल यांचे केस वाढतच राहतात. लॅब्राडोरचा केस ठरावीक लांबी गाठतो, काही काळ तसाच राहतो आणि गळतो. यांच्या केसांचा वाढीचा काळ मात्र फार लांबतो, आणि जो केस गळतो तोही खाली न पडता शेजारच्या केसांत अडकून बसतो. सोफ्यावर केस पडत नाहीत म्हणून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ही पिल्ले हौसेने आणली जातात आणि काही महिन्यांत कानामागे पहिली जट हाताला लागते. केस कापणे ही या कुत्र्यांची गरजच आहे. ती घरी, आपल्या हातांनी आणि उत्तम रीतीने भागवता येते, हे माझे अनेक वर्षांचे मत आहे.

थोडा इतिहास. ल्हासा अॅप्सो तिबेटचा, शित्झू चीनच्या राजदरबारातला. पूडल पाण्यातून शिकार उचलून आणणारा. पोहताना अंगावरच्या केसांचा अडथळा नको, पण सांधे उबदार राहावेत म्हणून त्याच्या पायांवर गोंडे राखत, असे सांगतात. २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार कुत्र्यांच्या केसांतले बहुतेक वैविध्य अवघ्या तीन जनुकांच्या मेळातून घडते: एक लांबीचे, एक मिशा-भुवयांचे, एक कुरळेपणाचे. विजेचा क्लिपर अमेरिकेतल्या स्टर्लिंग गावच्या लिओ वॉलने १९१९ च्या सुमारास माणसांसाठी बनवला. इतके पुरे. मला बोलायचे आहे ते ब्लेडबद्दल.

क्लिपरच्या तोंडाशी दोन पाती असतात. खालचे स्थिर, फणीसारखे दातेरी. वरचे त्यावरून सरसर डावी-उजवीकडे फिरणारे. केस खालच्या दातांत शिरतो आणि वरचे पाते तो उडवते. कुत्र्याच्या कातडीतल्या एकेका छिद्रातून केसांचा झुबका बाहेर येतो, म्हणून घरातला दाढीचा ट्रिमर इथे दोन मिनिटांत गुदमरतो. कुत्र्यांसाठीच बनवलेला, ब्लेड काढता-घालता येणारा क्लिपर घ्यावा. ब्लेडचा नंबर वाढला की केस आखूड होतात, हे आधी पक्के करा. ३ एफ ब्लेड साधारण १३ मिलिमीटर केस ठेवते, ४ एफ साडेनऊ, ५ एफ सहाच्या आसपास, ७ एफ तीन आणि १० नंबर दीड. ४० नंबर पाव मिलिमीटर ठेवते. ते शस्त्रक्रियेआधी कातडी उघडी करायला दवाखान्यात वापरतात, घरात त्याचे काम नाही. हे आकडे केसांच्या दिशेने क्लिपर फिरवला तर खरे. उलट दिशेने फिरवला की तेच ब्लेड आणखी आखूड कापते.

एफ म्हणजे सगळे दात सारखे असलेले ब्लेड. काही ब्लेडांचे दात एक लांब, एक आखूड असे असतात. ती दाट केसांतून झपाट्याने जातात खरी, पण त्या मोकळ्या फटीत कातडीची घडी शिरते आणि कापली जाते. घरी काम करणाऱ्याने ती विकत घेऊच नयेत. माझे लाडके ब्लेड १० नंबरचे. त्याचे दात इतके जवळजवळ असतात की कातडी सहसा आत ओढली जात नाही. पोट, जांघा, शेपटीखालचा भाग, पंजाच्या गाद्यांमधले केस, कातडीलगतच्या जटा ही सगळी कामे ते करते. त्यावरच प्लास्टिकचा किंवा स्टीलचा कंगवा चढवला की पाठीवर बोटभर केसही राखता येतात. मात्र हा कंगवा विंचरलेल्या केसांतूनच सरकतो. गुंत्यात तो जागीच अडतो.

घर्षणाने ब्लेड तापते. सर्वात जास्त इजा कापण्याने होत असेल असे लोकांना वाटते. पण तापलेल्या ब्लेडचा चटका कुत्र्याला तेव्हा कळतो आणि मालकाला दुसऱ्या दिवशी, लाल चट्टा दिसल्यावर. कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा बरीच पातळ असते. दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. गरम लागले तर तेलाचे दोन थेंब द्यावेत आणि ब्लेड काढून थंड होऊ द्यावे. मी ते शहाबादी फरशीवर पालथे ठेवतो. फरशी उष्णता झटकन ओढून घेते.

क्लिपर उजव्या हातात असला तरी काम डावा हात करतो. माण तालुक्यात एका धनगरवाड्यावर मी लोकर कातरणे पाहायला गेलो होतो. मेंढी आडवी पाडलेली, आणि कातर चालवणाऱ्या म्हाताऱ्या बाबांचा डावा हात कातरीच्या पुढे पुढे सरकत कातडी ताणून धरत होता. कातरीपेक्षा मी तो हातच पाहत बसलो. कुत्र्याच्या काखेत, मांडी पोटाला मिळते त्या पातळ पडद्यावर, स्तनाग्रांच्या आसपास हेच करायचे असते: कातडी सपाट करायची, ब्लेड आडवे टेकवायचे, टोक आत खुपसायचे नाही. कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या अंगाला खिशासारखी एक छोटी घडी असते. कानाचे केस कापताना ती अंगठ्याने आधी झाकून घ्यावी.

क्लिपर हातात घेण्याआधी विंचरणे आणि अंघोळ, याच क्रमाने. जट भिजली की आवळते, म्हणून ती अंघोळीआधी सुटली पाहिजे. स्लिकर ब्रशने केसांचा एकेक थर मुळापासून विंचरावा, मग स्टीलची फणी फिरवावी. फणी अडली तर काम अपुरे आहे. अंघोळीनंतर केस पूर्ण वाळवावेत, कारण ओला आणि मळका केस ब्लेड बोथट करतो. जटेखाली कात्री कधीही घालू नये. जटेबरोबर कातडीही वर ओढलेली असते, ती दिसत नाही आणि चिमूटभर कापली जाते. तिथे दहा नंबरचे ब्लेड जटेच्या खालून सावकाश न्यावे. कानावरची मोठी जट निघाली की कुत्रा काही वेळ जोरजोरात कान झटकतो आणि त्याने कानात रक्त साकळू शकते. त्या दिवशी त्याच्यावर लक्ष ठेवा. याच वेळी बोटांच्या बेचक्यात आणि कानात गोचिडी शोधून घ्याव्यात, पावसाळ्यात तर नक्कीच. गोचीडतापाचे मूळ तिथेच दडलेले असते.

कुत्र्याला आवाजाची सवय आधी लावावी. क्लिपर नुसता चालू ठेवायचा आणि खाऊ द्यायचा, मग बंद क्लिपर पाठीला टेकवायचा, मग चालू. पहिल्या दिवशी दोन पट्टे कापून झाले तरी थांबावे. पायाखाली रबरी चटई हवी. गुळगुळीत टेबलावर घसरणारा कुत्रा घाबरतोच.

एका बाबतीत मी हट्टी आहे. एप्रिल उजाडला की आपल्याकडे पॉमेरेनियन, हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांचे मुंडण सुरू होते. उन्हाळा सोसत नाही म्हणून दयेने केले जाते, आणि तेच चूक आहे. या कुत्र्यांना दुहेरी केस असतात: वर राठ केस, खाली मऊ लव. वरचे केस ऊन अंगावर येऊ देत नाहीत. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांतून. बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. त्यामुळे केस उतरवून त्याला आपल्यासारखा गारवा मिळत नाही. उलट उन्हाने कातडी भाजते आणि पॉमेरेनियन, हस्कीसारख्यांचे केस कधी कधी महिनोन् महिने परत येत नाहीत. त्यांची सुटलेली लव विंचरून काढा, फिरायला पहाटे न्या, पंखा लावा. क्लिपर पोट, गाद्या आणि शेपटीखालच्या स्वच्छतेपुरताच.

आणि जट कातडीला घट्ट चिकटलेली असेल, तिच्याखाली ओल किंवा दुर्गंधी असेल, हात लावताच कुत्रा कळवळत असेल, तर ब्लेड खाली ठेवा आणि त्याला पशुवैद्याकडे घेऊन जा.