पाणथळ जागा आणि बागायतदार : लोणंदच्या परिसरांतील एक विचार

लोणंद म्हटलें कीं कांद्याची पेठ डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु उत्तरेस वाहणारी नीरा आणि तिचे कालवे यांनीं या टापूचें रूप जितकें पालटलें, तितकें दुसऱ्या कशानेंही पालटलें नसेल. भाटघरचें नवें धरण १९२८ सालीं पुरें झालें, जवळच पाडेगांव येथें १९३२ सालीं ऊंस संशोधन केंद्र निघालें, आणि जेथें पावसाच्या भरंवशावर ज्वारी-बाजरी होत असे तेथें ऊंस उभा राहिला. या लाभाबरोबर एक प्रश्नही आला. पाणथळ जागेचें करावें काय ?

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं पाण्यानें भिजलेली जमीन दोन प्रकारची असते. पहिली चिबड. भारी काळ्या जमिनीला गरजेहून अधिक पाणी दिलें कीं भूगर्भांतील पाण्याची पातळी वर चढते. त्या पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातें आणि पांढरा थर मागें उरतो. श्री. बसू व श्री. सिरूर यांनीं नीरा उजवा व प्रवरा या कालव्यांखालील जमिनींची वर्गवारी १९३८ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हांपासून कोणती जमीन किती पाणी सोसते हें आपणांस शास्त्रानें सांगितलेलें आहे. अशा जमिनीस चर काढून निचरा देणें आणि पाणी मोजून देणें हाच उपाय होय.

दुसरी जागा खरी पाणथळ. ओढ्याचा डोह, तलावाचें उथळ शेपूट, नदीच्या वळणावरील सखल भाग. येथें पाणी राहतें तें कोणाच्या चुकीनें नव्हे, तर जमिनीच्या उतारानें. पुराचा लोंढा ती अडविते, गाळ बसविते, आसपासच्या विहिरींस पाझर देते. तेथील पाणकणीस व लव्हाळा शेतांतून वाहून आलेल्या नत्र-स्फुरदाचा बराच अंश शोषून घेतात. गुरांना उन्हाळ्यांत हिरवा चारा मिळतो तो बहुधा तेथेंच.

आपली चूक अशी होते कीं आपण या दोहोंना एकच मानतों. चिबड जमिनीचा चर सरळ ओढ्यांत सोडतों, आणि ओढ्याकांठची पाणथळ भरून तेथें ऊंस लावतों. मग वरच्या बागायतदाराचें खारें पाणी वाटेंत कोठेंही न थांबतां खालच्या गांवच्या विहिरींपर्यंत जातें. एकाचा निचरा तो दुसऱ्याचा घात, अशी ही स्थिति आहे. म्हणूनच हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नाहीं. तो वरचा बागायतदार, कारखाना व खालचें गांव या तिघांचा आहे.

कायद्यावर सर्वस्वीं विसंबतां येणार नाहीं. पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्रीय नियम रामसर स्थळांस व अधिसूचित पाणथळींस लागू आहेत; परंतु पिण्यासाठीं वा सिंचनासाठीं मुद्दाम बांधलेले तलाव त्यांतून वगळलेले आहेत. म्हणजे आपल्या टापूंतील पुष्कळसें पाणी त्या नियमांच्या बाहेरच राहतें. मात्र दुसरा मार्ग खुला आहे. वन्यजीव कायद्यांतील २००२ च्या दुरुस्तीनें सरकारी जागेवर ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ करतां येतें व त्याच्या समितींत संबंधित ग्रामपंचायतींबरोबर कृषि खात्याचाही प्रतिनिधि असतो. कोणी आपली खाजगी वा सामाईक जमीन स्वेच्छेनें राखूं इच्छील, तर ‘समुदाय राखीव क्षेत्रा’ची सोयही आहे. आपल्याच जिल्ह्यांत खटाव तालुक्यांतील मायणीचा तलाव २०२१ सालीं संवर्धन राखीव क्षेत्रांत आला.

नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वर हें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर बंधारा झाला तो सिंचनासाठीं. त्यामागें गाळ सांचला, बेटें झालीं, आणि हिवाळी पक्ष्यांची वसति झाली. १९८६ सालीं तें अभयारण्य ठरलें. २०२० च्या जानेवारींत महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. भोंवतीं ऊंस, गहूं व भाजीपाला तसाच पिकतो, आणि चापडगांवचे तरुण पाहुण्यांस पक्षी दाखवितात. परंतु जो गाळ पक्ष्यांस हितकर, तोच बंधाऱ्यांतील पाण्याची जागा व्यापतो, हेंही खरें. हितसंबंधांचा असा विरोध बोलून मिटवावा लागतो. लपवून तो मिटत नाहीं.

परदेशांतही हाच अनुभव आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतानें १९९१ च्या कायद्यानें भाताचा पेंढा जाळण्यावर क्रमाक्रमानें निर्बंध घातले. तेव्हां पुष्कळ शेतकरी कापणीनंतर खाचरांत पाणी सोडून पेंढा कुजवूं लागले, आणि बदकें तेथें उतरूं लागलीं. २०१४ पासून एक संस्था ठराविक आठवडे पाणी राखणाऱ्या शेतकऱ्यांकडून दर मागवून मोबदला देऊं लागली. आपल्या काळ्या रानांत असें पाणी कोंडणें म्हणजे चिबडास आमंत्रण होय. तें करूं नये. घ्यावयाचें तें करारानें वागण्याचें तत्त्व : किती क्षेत्र, किती दिवस, कोणता मोबदला.

आपल्या गांवीं हें कसें करावें ? ग्रामसभेनें प्रथम शिवाराचा नकाशा घेऊन चिबड कोठें व पाणथळ कोठें हें वेगळें लिहावें. ओढ्याकांठीं गवताची पट्टी सोडण्याचें मोठ्या बागायतदारांनीं मान्य करावें व पाण्यासाठीं ठिबक स्वीकारावें. चराचें खारें पाणी पाणथळींत न सोडतां स्वतंत्र वाटेनें काढावें, व त्याच्या वाटेवरील गांवास विचारूनच तें काढावें. खर्चाचा कांहीं भाग ऊंस घेणाऱ्या कारखान्यानें उचलावा. कारण शिवार नापीक झालें तर त्याचें गाळपही राहणार नाहीं.

पट्टी सोडणाऱ्याचें नुकसान होतें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. चार गुंठे ऊंस गेला तर त्याची भरपाई सर्वांनीं मिळून केली पाहिजे. नुसत्या उपदेशानें कोणी जमीन सोडीत नाहीं. पण विहीर खारी झाल्यावर जें जातें त्याचा हिशेब गुंठ्यांनीं होत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं एक दिवस वरच्या व खालच्या गांवांनीं एकत्र ओढा चालून पाहावा. करार कागदावर येण्याआधीं तो पायांनीं पाहिलेला असणें बरें.