घरच्या घरी हलाल डम्पलिंग

मोमोच्या गाडीसमोर मुले थबकतात आणि आपण त्यांचा हात धरून पुढे नेतो. मांस जबीहा आहे का, सॉसमध्ये काय घातले आहे, याची खात्री नसते. मुले हिरमुसतात आणि ‘चायनीज आपल्यासाठी नाहीच’ असा समज घरात रुजतो.

हा समज खरा नाही. चीनमध्ये हुई मुसलमान शेकडो वर्षांपासून राहतात. शिआन शहरातील मोठ्या मशिदीभोवतीच्या गल्ल्यांत खानावळींवर ‘छिंगझन’ अशी पाटी असते. शब्दाचा अर्थ ‘शुद्ध आणि खरे’, म्हणजेच आपले हलाल. तिथे डम्पलिंगमध्ये डुकराचे मांस नसते. मेंढीचे किंवा गुरांचे असते. मांसाचा उग्र वास घालवायला अनेक चिनी स्वयंपाकी तांदळाची दारू घालतात. हुई घरांत त्याऐवजी ‘ह्वाज्याओ’ या मसाल्याचे पाणी वापरतात. हा मसाला आपल्या कोकणातील तिरफळाच्याच जातकुळीतला. बांगड्याच्या कालवणात जे काम तिरफळ करते, तेच काम इथे तो करतो.

साहित्य (सुमारे ३० नग) : मैदा ३०० ग्रॅम, पाणी १५० मि.ली., मीठ. सारणासाठी दोनदा काढलेला बारीक मटण खिमा ३०० ग्रॅम, बारीक चिरलेली कोबी दीड वाटी, पातीचा कांदा अर्धी वाटी, किसलेले आले १ चमचा, सोया सॉस १ मोठा चमचा, तिळाचे तेल १ मोठा चमचा, मिरपूड, बिया काढलेली ५-६ तिरफळे.

कृती : मैदा मीठ-पाण्याने घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. तिरफळे अर्ध्या वाटी कढत पाण्यात भिजवून गाळा. कोबीला मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा. हे चुकले तर सारणाला पाणी सुटून पारी फाटते. खिम्यात तिरफळाचे पाणी चमचा-चमचा घालत एकाच दिशेने घोटा. खिमा चिकट झाला की डम्पलिंग रसरशीत होतात. मग बाकीचे जिन्नस मिसळा.

लिंबाएवढ्या गोळ्यांच्या पुऱ्या लाटा, मध्ये जाड, कडेला पातळ. सारण भरून करंजीसारख्या मिटा आणि कडा नीट दाबा. उकळत्या पाण्यात सोडून हलकेच ढवळा. उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी घाला. असे तीनदा करा. म्हणजे पारी न फुटता आतला खिमा शिजतो. एक कापून खात्री करा.

सॉस : सिरका २ चमचे, सोया सॉस १ चमचा, ठेचलेला लसूण, आले, भाजलेले तीळ. लाल तिखटावर कडक तेल ओतून तेही घाला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सिरक्याची प्रशंसा केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. शिआनमध्ये तर सिरक्याच्या आंबट-तिखट रश्श्यातच डम्पलिंग वाढतात.

लक्षात ठेवा : सोया सॉसच्या बाटलीवरील घटक वाचून घ्या, काही प्रकारांत मद्यार्क असतो. कच्चे डम्पलिंग ताटात सुटे गोठवून मग डब्यात भरले तर रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी थेट उकळत्या पाण्यात टाकता येतात.

लाटणे आईकडे, भरणे-मिटणे मुलांकडे द्या. वाकडे झाले तरी चालतील. आपण काय खातो आणि का खातो, हे त्यांना ओट्याजवळच कळेल.