एक नकाशा म्हणतो गारा, दुसरा म्हणतो ऊन

मैत्रिणींनो, हरभरा काढणीला आला की गावच्या ग्रुपवर रंगीत नकाशे फिरायला लागतात. हवामानाची हौस असलेली पोरं भांडतात, अमेरिकेचा अंदाज खरा की युरोपचा?

दोन्ही म्हणजे संगणकाचं गणितच. संगणक जमिनीचे चौकोन पाडून हिशोब करतो. अमेरिकेचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपचा ९ चा. आपल्या हवामान खात्यानं मे २०२५ मध्ये ६ चा आणला. पण गारांचा पट्टा त्याहूनही अरुंद असू शकतो, म्हणून एका शिवारात गारा पडतात नि शेजारचं कोरडं राहतं. त्यात आजच्या नोंदीतला बारीक फरक पुढं दिवसागणिक वाढत जातो. दहा दिवसांपुढची तारीख देऊन कुणी गारांची भीती घातली, तर आम्ही ती मनावर घेत नाही.

अंदाजावर राग निघतोच. २०१७ च्या जुलैत माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. पण ११ फेब्रुवारी २०१८ ला गेवराई-माजलगावात गारांनी रब्बी झोडपली, हेही आपण पाहिलंय.

मग करायचं काय? दोन-तीन दिवस आधी दोन्ही नकाशे एकच सांगू लागले आणि हवामान खात्यानं बीडला यलो किंवा ऑरेंज अलर्ट दिला, की काढलेला हरभरा घरात आणा, कडब्याच्या गंजीवर ताडपत्री बांधा. जवळपास विजा पडत असल्याचा इशारा दामिनी ॲप देतं. पापड-कुरडयांचं वाळवण त्या दिवशी घालूच नका.